जाळ्यातलं दार

मित्रांनो, मी एक जुनं मासेमारीचं जाळं आहे. सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पसरलेला असतो. हसू नका! एके काळी समुद्रात माझा दरारा होता.

मला अर्धं आजोबांनी विणलं, अर्धं आजीने. आजोबांच्या गाठी सैल. आजीच्या अशा घट्ट, की खेकड्यानेही नांग्या टेकाव्यात. आजी गेल्यावर आजोबांनी घरात बजावून ठेवलं, "या जाळ्याला सुरी लावाल, तर गाठ माझ्याशी आहे!"

एका सकाळी माझ्यात असं काही शिरलं, की होडीच गरकन फिरली. बघतो तर व्हेल शार्क! होडीहून लांब, पाठभर पांढरे ठिपके. तोंड एवढं, की आजोबा खुर्चीसकट मावले असते. आणि खाणं काय, तर माशांची अंडी आणि डोळ्यांना दिसतील न दिसतील असे जीव! पाण्यासकट आत ओढायचे, गाळून घ्यायचे, पाणी कल्ल्यांतून सोडून द्यायचं. माशांनी अंडी घातली, की हे पाहुणे फार लांबून पोहत येतात. माझ्या भोकांतून निसटणारं सगळं याच्या पोटात, आणि हा माझ्यात!

तो धडपडला, मग दमून गप्प झाला. आजोबांच्या मुलाने सुरी काढली. "बाबा, कापू?"

"खबरदार! मी गाठी सोडवतो."

आजोबांच्या गाठी पटापट सुटल्या. पण मासा अडकला होता आजीच्या अर्ध्यात. तिथली एक गाठ हलेल तर शपथ.

"बाबा, मरेल हो तो."

आजोबांनी माझ्यावरून हात फिरवला. "तुझ्या आईची गाठ आहे, ऐकायची नाही. आण ती सुरी. ती असती तर एव्हाना मलाच ओरडली असती."

त्यांनी स्वतःच्या हाताने कापलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? मासा शेपटीने सगळ्यांना भिजवून निघून गेला. आभार वगैरे काही नाही. आजोबा डोळे पुसत म्हणाले, "खारं पाणी गेलं."

घरी मुलगा भोक शिवायला बसला, तर आजोबा खेकसले, "राहू दे! ते दार तुझ्या आईने उघडलंय."

दार असलेल्या जाळ्यात मासे कसले राहतात? म्हणून मी खुराड्यावर आलो. इथेही रोज एक कोंबडी त्या दारातून पसार होते. सूनबाई ओरडतात, "मामंजी, शिवा की ते भोक एकदाचं!" आजोबांना नेमकं तेवढंच ऐकू येत नाही. ते कोंबडीमागे धावत असतात.

मित्रांनो, जाळी खुशाल टाका, पण सुरी हाताशी ठेवा. मोठा पाहुणा अडकला, तर जाळ्याकडे बघत बसू नका. आणि माझं भोक शिवायला कोणी आलंच, तर त्याला सांगा, आधी आजीला विचारून ये.