ओढ्यापर्यंतचं चालणं

चिमा लग्न होऊन पळसदरीच्या बौद्धवाडीत आली, त्याच उन्हाळ्यात वाडीमागच्या करवंदीच्या रानाला मुंबईच्या एका शेठने तारेचं कुंपण घातलं. तिथे त्याला बंगला बांधायचा होता. वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात परसाकडे जात. आता उरला होता रेल्वेच्या कडेचा उतार. तिथून कामावर जाणाऱ्या पुरुषांची सारखी ये-जा असायची. त्यामुळे बायकांना उजाडायच्या आत जायचं, नाही तर अंधार पडेपर्यंत दम धरायचा, एवढंच राहिलं.

चिमाचं माहेर शेलूजवळ नदीकाठी. तिथे सकाळचं झाडलोट-पाणी झालं की ती निवांत नदीकडे जायची. इथे पहाटे तिला कळ यायची नाही आणि दिवसा आली तर ती दाबून धरायची. मग दाबायलाच लागू नये म्हणून तिने खाणं कमी केलं. अर्धी भाकरी खायची, पाणी तर घशाला कोरड पडल्याशिवाय प्यायची नाही. पावसाळा सरेपर्यंत तिचं पोट दगडासारखं झालं. डोकं सतत दुखायचं. बसलं की जीव जाईल असं वाटायचं, आणि होत काहीच नसे. नवरा काळूराम खोपोलीच्या गिरणीत पाळीवर जायचा. त्याला असलं काही सांगायची तिला लाज वाटली. भातकापणीच्या वेळी ती शेतातच चक्कर येऊन पडली, तेव्हा सासूने, पारूबाईने, तिला बांधावर बसवून खोदून खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं.

पारूबाईने आधी घरचा उपाय केला. चहातून एरंडेल पाजलं. चिमाचं पोट पिळवटून निघालं, उतारापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही, आणि भरदिवसा कुंपणाला टेकून बसलेली ती बंगल्याच्या राखणदाराने पाहिली. तो नुसता बघत उभा राहिला. त्यानंतर चिमाने जेवण जवळजवळ सोडलंच.

तेव्हा पारूबाई तिला कर्जतच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईने चिमाला काय खातेस, किती पाणी पितेस, कधी जातेस, सगळं विचारलं. तिने सांगितलं की एरंडेलाची सवय लावू नकोस. उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पी, दिवसभरही पीत राहा. भाकरीबरोबर रोज पालेभाजी हवी, शेवग्याचा पाला असला तरी चालेल. सकाळी भरपूर चाल आणि रोज ठरल्या वेळी बस. कुंथायचं नाही, कळ आली की दाबायची नाही. सवयीने जडलेलं दुखणं सवयीनेच सुटेल, पण शौचाला रक्त पडलं किंवा अंग वाळायला लागलं, तर ते दुखणं वेगळं. मग घरी बसून राहू नकोस, लगेच ये. पारूबाई बाकावर शेजारीच बसली होती. तिने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून पारूबाई सुनेला पहाटे उठवू लागली. तांब्याभर पाणी तिच्या घशाखाली उतरल्याशिवाय ती दार उघडायची नाही. मग दोघी टमरेल घेऊन निघायच्या. वाट धरणाच्या बांधावरून पलीकडे ओढ्यापर्यंत जायची. तिथे दाट झुडपं होती, आणि लांब पडतं म्हणून माणसाचा वावर नव्हता. चालता चालता पारूबाई बोलत राहायची. दीक्षा घेतली त्या साली घरातले देव नदीत सोडताना तिची स्वतःची सासू कशी रडली, काळूराम पोटात असताना ती खडी कशी वाहायची, असलं काहीबाही. चिमाचं मन मोकळं व्हायला लागलं तसं पोटही मोकळं झालं. थंडी संपेपर्यंत तिच्या तोंडावर तजेला आला. ती दोन भाकऱ्या खाऊ लागली.

पारूबाई मात्र झुडपामागे फार वेळ बसायची. बाहेर यायची तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबलेला असायचा. होळीच्या सुमाराला तिची चोळी दंडात ढिली पडलेली चिमाला दिसली. एका सकाळी सासू उठून गेली त्या जागी वाळल्या पानांवर रक्त होतं. काळपट, बरंच.

चिमाने विचारलं तेव्हा पारूबाई म्हणाली, "मूळव्याध हाय गं. जुनीच हाय."

"नर्सबाई काय म्हनाल्या ते तुमी बी ऐकलं ना, आत्या? कर्जतला जाऊ."

"तिथं तपासायला पुरुष डॉक्टर हाय. ह्या वयात मी त्याच्यापुढं लुगडं सोडनार नाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुझं चालून बरं झालं, माझं बी होईल. काळ्याला यातलं सांगू नको. माझी आन हाय तुला."

आणि पारूबाईने खरोखरच चालणं वाढवलं. ओढ्याच्याही पुढे टेकाडापर्यंत जाऊन यायची. पाणी प्यायची, पाला शिजवून खायची, सुनेला सांगितलेलं सगळं तिने काटेकोर पाळलं. चिमाने नवऱ्याला एवढंच सांगितलं की आत्याची तब्येत उतरलीय. काळूरामने आईला विचारलं, तर ती म्हणाली की उन्हाळा बाधलाय, आधी घर शाकारून घे. चिमाला भीती वाटत होती, पण याच उपायाने ती स्वतः बरी झाली होती, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं.

लावणीच्या दिवसांत पारूबाईचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि तिला घाण वासाच्या उलट्या होऊ लागल्या. काळूरामने टेंपो आणला. कर्जतहून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं. आतड्यात गाठ होती आणि ती सगळीकडे पसरली होती. त्यांनी पोटाच्या कडेला शौचासाठी भोक पाडून दिलं आणि घरी न्यायला सांगितलं.

चिमा तिच्या पोटावरची फडकी बदलायची, ओढ्यावर नेऊन धुवायची. पारूबाई त्या वेळी तोंड भिंतीकडे करून पडायची. सुनेने सकाळचं बाहेर जाणं पुन्हा टाळायला सुरुवात केलीय, हे तिच्या लक्षात आलं.

"तू जा," ती म्हणाली. "मी काय लगेच मरत नाय."

श्रावण संपता संपता ती गेली. माणसं पांगल्यावर काळूराम बायकोला म्हणाला, "तुला ठाऊक व्हतं." पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

सासू गेली त्याच्या दुसऱ्या पहाटे चिमाला नेहमीच्या वेळी जाग आली. ती पाणी प्यायली, ओढ्यापर्यंत चालत गेली, आणि काहीच त्रास न होता तिचं पोट साफ झालं. आपलं अंग इतकं बिनघोर चालतंय याची तिला शरम वाटली. ती तिथेच ओढ्याच्या कडेला बसून रडली.

दिवाळीनंतर शेजारची ठमी तिच्याबरोबर यायला लागली. काही दिवसांनी ठमीने घाबरत घाबरत सांगितलं की तिलाही रक्त पडतं, पण कुणाला कळू देऊ नको. चिमाने ऐकून घेतलं. घरी परतताच तिने ठमीच्या सासूला आणि नवऱ्याला दोघांनाही सांगितलं, आणि त्याच सकाळच्या गाडीने ती ठमीला कर्जतला घेऊन गेली. डॉक्टर पुरुषच होते. ठमी वाटभर तिला शिव्या देत होती. तपासायच्या वेळी मात्र तिने चिमाचा हात घट्ट धरून ठेवला.

ठमीला मूळव्याधच होती. मलम मिळालं. डॉक्टरांनी पाणी पी, पालेभाजी खा, चालत जा, असं सांगितलं. ठमी हसतच बाहेर आली. चिमा बाकावर बसून राहिली. तिला हुंदका आवरेना, आणि ठमीला कळेना की चांगली बातमी ऐकून ही का रडतेय.