बोकडाचा खुराक

तिसगावात भागूबाईंच्या दारातला बोकड नावाजलेला. गावोगावचे लोक शेळ्या फळवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, त्याच्याकडे आणतात. त्याला रोज भिजवलेले हरभरे, मका, हिरवा घास. शिळा तुकडासुद्धा नाही.

आणि लेक कल्याण? तो टेम्पो चालवतो. सकाळी वडापाव, दुपारी जळक्या तेलातली भजी, वर रंगीत पाण्याची थंड बाटली आणि तोंडात कायम गुटखा. टेम्पोच्या दारावर पिचकाऱ्यांचे लाल ओघळ वाळलेले.

लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. दोष अर्थातच सुनेचा. दिपालीला दर गुरुवारी कडक उपास आणि तो सोडायला कुठल्याशा बुवाची काळी पूड, ताकात कालवून. त्या दिवशी ताकात केसांचा गुंता तरंगत होता. दिपालीनं पेला तोंडापासून लांब धरला.

"पी मुकाट्यानं," भागूबाई म्हणाल्या. "न्हाईतर कल्याणला दुसरी बघते."

भागूबाईंची धाकटी बहीण छबूबाई शेळी घेऊन आली होती. ओट्यावर बसून ती हे बघत होती. तेवढ्यात कल्याण आला आणि उरलेली भजी त्यानं बोकडापुढे टाकली.

"आरं मुडद्या!" भागूबाई धावल्या. "ही घाण खाऊन बोकड बाद हुईल. लोकांच्या शेळ्या फळल्या न्हाईत तर काय तोंड दाखवू?"

छबूबाईनं दिपालीच्या हातातला पेला घेतला आणि उकिरड्यावर रिकामा केला.

"अक्का, शेळी फळली न्हाई तर तू आदी बोकडाचा खुराक बघती. मग घरात सुनेलाच का ही घाण पाजती? पोरगं काय खातंय ते बघ की."

"मावशे, मी काय बोकड हाय व्हय?" कल्याण गुरगुरला.

"न्हाई बाबा. बोकड गुटखा खात न्हाई."

कल्याणनं तोंडातला गुटखा थुंकून टाकला. त्याच आठवड्यात नवरा-बायको नगरला डॉक्टरांकडे गेले. दिपालीत दोष नव्हता, कल्याणचे शुक्राणू कमी होते. "गुटखा आधी बंद," डॉक्टर म्हणाल्या. "तळकट कमी करा. भाज्या, कडधान्यं, फळं खा. आहार हे एक कारण असू शकतं, बाकीचीही तपासू."

दुसरी सून आणायची भाषा भागूबाईंनी पुन्हा काढली नाही. गुरुवारी त्यांनी स्वतः ताट वाढून दिपालीपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. जेव."

लोकहो, मूल दोघांचं असतं. तपासणीही दोघांची हवी, पथ्यही दोघांचं. जनावराच्या बाबतीत आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं. घरात शिरताना ते कुठे जातं?