सरूबाईच्या नडगीवरचा वण

मित्रांनो, मी एक जुना वण आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. भाईंदरच्या पूर्वेला गोडदेव गाव आहे. तिथल्या सरूबाईच्या उजव्या नडगीवर माझा मुक्काम. लांबीला बोटभर, रंगानं आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका, आणि हात लावला तर गुळगुळीत. माझ्यावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, हा नुसता पडून असतो, याला काय काम? मला नुसतं पडून राहायला मिळालं असतं, तर मी गोष्ट सांगायच्या भानगडीत पडलोच नसतो.

माझा जन्म एकसष्ट सालच्या चैत्रातला. सरूबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली कोवळी सून होती. घरचं मिठागर होतं. खाडीचं पाणी वाफ्यांत अडवायचं, ते उन्हानं आटलं की मीठ ओढून काठावर रास घालायची, असं ते काम. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून येताना तिचा पाय घसरला आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या फळीच्या गंजक्या पट्टीवर नडगी चिरली गेली. आतलं हाड दिसत होतं, आणि वरून खारं पाणी. तिला काय झालं असेल ते मी सांगायला नको.

सासू शेवंतीबाई प्रेमळ होती, पण तिचा शब्द म्हणजे घरातला कायदा. तिनं जखमेत हळद दाबली, फडकं बांधलं आणि सांगून टाकलं, “आजपासून आंबट बंद. आंबट खाल्लंस तं पू व्हईल, पाय सरंल.” जखम झाली की आंबट खायचं नाही, हे पथ्य त्या गावात घरोघर होतं. सरूबाईनं मान डोलावली.

इकडे माझं काम सुरू झालं. आधी रक्त गोठलं, मग आतली साफसफाई झाली, आणि मग कोष्टी आले. धागा तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना मी कोष्टी म्हणतो. त्यांचा धागा म्हणजे कोलॅजन. हे नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं, पण धागा मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा आहे. तुमच्या कातडीत, हाडांत, हिरड्यांत, रक्ताच्या नळ्यांत, जिकडे काही एकत्र धरून ठेवायचं असतं तिकडे हाच धागा असतो.

हा धागा तीन पेडांचा असतो, आपल्या दोरासारखा पिळलेला. एकेक पेड म्हणजे बारीक मण्यांची लांबलचक माळ. त्यातला दर तिसरा मणी सगळ्यांत लहान असावा लागतो, कारण तो पिळाच्या आतल्या बाजूला येतो आणि तिथे जागा अगदी थोडी असते. काही माणसांच्या अंगात हा मणी जन्मापासूनच चुकतो. मग कुणाची हाडं जरा धक्का लागला की मोडतात, कुणाची कातडी रबरासारखी ताणली जाते. त्यात त्या बिचाऱ्यांचा काहीच दोष नसतो.

माळ झाली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्यातल्या काही मण्यांना कोष्टी एक चिमुकला आकडा बसवतात. हे आकडे नसले तर अंगाच्या उबेनंच पीळ सुटतो आणि तिन्ही पेड तीन दिशांना जातात. आणि आकडा बसवायला लागतं क जीवनसत्त्व. गाय, बकरी, कुत्रं, सगळे ते आपापल्या अंगात तयार करतात. माणसाला तेवढं जमत नाही. त्याला ते आवळ्यातून, लिंबातून, पेरूतून, पालेभाजीतून खावंच लागतं. आकडे बसले की धागा पेशीबाहेर येतो, त्याची टोकं छाटली जातात, मग धागे शेजारी शेजारी लावून एकमेकांना घट्ट बांधतात. आधी बारीक धागे, नंतर हळूहळू त्यांच्या जागी जाड. एवढं करूनही मूळ कातडीची ताकद मला कधी आली नाही. रुपयातले बारा आणे म्हणा.

आणि हे विणकाम कधीच संपत नाही, मित्रांनो. एकीकडे जुने धागे उसवणारे बसलेले असतात, दुसरीकडे नवे विणणारे. साध्या कातडीत हा कारभार सावकाश चालतो, माझ्यासारख्या वणात घाईनं. कोष्टी थांबले तरी उसवणारे थांबत नाहीत. उसवणाऱ्यांना पथ्य नसतं.

आता मुख्य भानगड सांगतो. त्या चैत्रात सरूबाई पाय लांब करून मागच्या पडवीत पडून असायची. तिची धाकटी नणंद सुगंधा, तेव्हा परकर नेसणारी, दुपारी आई झोपली की परकराच्या ओच्यात कैऱ्या घेऊन यायची. घरचंच ताजं मीठ. कैरी फोडायची, मिठात बुडवायची, आणि दोघींनी डोळे मिटून खायची. कोयी तिथेच गोठ्यामागे राखेत पुरून टाकायच्या, सासूला दिसायला नकोत म्हणून. दिवसाआड हाच उद्योग. माझे कोष्टी इतके खूश होते की काही विचारू नका. पावसाळ्याआधी मी पुरता भरून आलो.

शेवंतीबाईनं फडकं सोडून पाहिलं आणि सगळ्या आळीला बोलावून दाखवलं, “बगा, पथ्य पालला म्हणून.” सरूबाई खाली मान घालून उभी. नंतर लोक वारंवार तेच म्हणू लागले, आणि काही वर्षांत तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. कैऱ्यांची आठवण पुसून गेली. शेवंतीबाई वारल्यावर तर पथ्याची गादी सरूबाईकडेच आली. कुणाला काही लागलं की ही तिथे हजर. लुगडं वर करायची, मला दाखवायची आणि म्हणायची, “यो बग. आंबट सोडलं म्हणून आसा भरलाय.” मी काय बोलणार? वणाला तोंड नसतं, आणि ज्या वणाला तोंड फुटतं तो चांगला वण नसतो. दर वेळी मला आपला राग यायचा आणि मी गप्प विणत बसायचो.

त्र्याहत्तरच्या गणपतीनंतर सरूबाईचे गुडघे दुखायला लागले. वात असेल म्हणून तिनं आंबट सोडलं. हिरड्या हुळहुळल्या, रक्त येऊ लागलं, तर भाजी सोडली. मग फळंही थंड पडतात म्हणून सोडली. शेवटी राहिलं काय, तर तांदळाची भाकरी, सुकट आणि कोरा चहा. जितकं दुखणं वाढे, तितकं पथ्य कडक होई.

माझ्याकडे माळा येत होत्या, आकडे येईनात. धागे पिळले जाण्याआधीच सुटत. कोष्टी हात बांधून बसले आणि उसवणारे आपलं काम इमानानं करत राहिले. मी आधी जांभळा पडलो, मग ओला झालो, आणि फाल्गुनात एके दिवशी पाटी उचलताना उघडलो. इतक्या वर्षांपूर्वी भरलेली जखम, जणू काल झाली होती. मित्रांनो, त्या दिवशी मला जी लाज वाटली ती मी शब्दांत सांगू शकत नाही.

नवरा धर्माजी घाबरला. तिला सायकलवर मागे बसवून तो स्टेशनजवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला पाहिलं, हिरड्या पाहिल्या, पोटऱ्यांवरचे काळेनिळे डाग पाहिले आणि विचारलं, “बाई, जेवता काय तुम्ही?” सरूबाईनं अभिमानानं सगळं पथ्य सांगितलं. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले.

“याला स्कर्व्ही म्हणतात,” ते धर्माजीला म्हणाले. “शरीरात कोलॅजन म्हणून धागा असतो, तो तयारच होत नाहीये. जुना वणसुद्धा त्यामुळेच सुटतोय. ह्या गोळ्या रोज द्या. लिंबू द्या, पेरू द्या, भाजी द्या. असंच चालू राहिलं तर जखम आत उतरेल, मग मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, आणि पाय वाचेलच असं मी सांगू शकत नाही.”

त्या खोलीत मला माझ्या धाग्याचं नाव कळलं. आनंद व्हायला हवा होता. पण मी सरूबाईला ओळखतो ना. घरी आल्यावर तिनं एक गोळी जिभेवर ठेवली, आणि लगेच थुंकली.

“आंबट हाय,” ती म्हणाली. “औषदाच्या नावानं आंबटच दिलाय त्यानं.”

धर्माजीनं समजावलं, चिडला, हात जोडले. ती एकच बोलत राहिली, “डॉक्टर कालचा पोर हाय. यो वण माझा हाय. आयनं पथ्यानं भरलावता, पथ्यानंच भरंल.” गोळ्यांची पुडी फळीवर गेली. माझाच दाखला देऊन ती मला मारत होती, आणि मी रोज थोडा थोडा आत उसवत होतो. वास यायला लागला. ती रात्री पाय पोटाशी घेऊन कण्हायची. मला वाटलं, आता आपलं आणि हिच्या पायाचं मिळूनच आटोपणार.

धर्माजीनं शेवटी खाडीकडच्या मुर्धा गावात निरोप धाडला. सुगंधा तिथे दिली होती. ती आली, अंगानं भरलेली, दोन लेकरांची आई. तिनं फडकं सोडलं, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

“वयनी, गोल्या का नाय खात?”

“पथ्य मोडायचा नाय. आयनं सांगितलावता.”

“कनचा पथ्य?” सुगंधा म्हणाली. “तवा कैऱ्या कोन खात होता?”

सरूबाई रागावली. “मी नाय खाल्ल्या.”

“नाय खाल्ल्यास? आय निजली का मी ओच्यातशी आनायची नि तू मिठाशी खायचीस. कोयी कुठं पुरल्याव ते तरी आठवतंय का?”

सुगंधानं सरूबाईला दंडाला धरून उठवलं आणि लंगडत लंगडत मागच्या दाराशी आणलं. गोठ्यामागे एक आंब्याचं झाड आहे. कुणी लावलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवंतीबाई जिवंत असेपर्यंत म्हणायची, कावळ्यानं कोय टाकली असेल. ते झाड आता छपराच्या वर गेलं होतं, आणि चैत्र असल्यामुळे कैऱ्यांनी लगडलं होतं. त्या वर्षी त्याच्याकडे सरूबाईनं वळूनही पाहिलं नव्हतं.

झाडाकडे बघत ती हळूच म्हणाली, “त्या शेवटच्या कोयी टणक झाल्यावत्या. त्यातलीच येक रुजली.”

“तवा आता तरी खा,” सुगंधा म्हणाली, आणि दोघीही रडायला लागल्या.

सुगंधानं कैरी फोडली. सरूबाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, दात हलत होते, म्हणून तिनं कैरी ठेचून, मीठ लावून बोटानं चाटवली. पहिल्या घासाला सरूबाईचे डोळे गच्च मिटले, अगदी तेव्हा मिटायचे तसेच. संध्याकाळी तिनं फळीवरची पुडी स्वतः मागून घेतली.

मी काय सांगू? आठवडाभरात आकडे यायला लागले. कोष्टी उठले, मीही कामाला लागलो. वय झाल्यासारखं वाटत होतं, तरी लागलो. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला मी पुन्हा मिटलो, आधीपेक्षा रुंद आणि वेडावाकडा. आता मी रुपयातले दहा आणेसुद्धा नसेन. पण सरूबाई बांधावरून चालते.

भाताच्या कापणीत शेजारच्या परशुरामाच्या नव्या सुनेच्या, शांतीच्या, पायाला विळा लागला. तिच्या सासूनं लगेच आंबट बंद केलं आणि सरूबाईला बोलावणं आलं. ती जाऊन बसली, लुगडं वर केलं, मला पुढे केलं. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य आता पुन्हा ऐकायचं, म्हणून मी मन घट्ट केलं.

“यो वण बग,” सरूबाई म्हणाली. “कैऱ्या खाऊन भरला. मी चोरून खाल्ल्यावत्या. तू समोर बसून खा.” आणि कैऱ्यांचे दिवस नव्हते म्हणून तिनं ओटीतून दोन लिंबं काढून शांतीच्या हातात दिली.

मित्रांनो, मी थकलेलाच आहे, आणि हे विणकाम सरूबाईच्या शेवटच्या श्वासापर्यंत असंच चालणार आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल खरं बोललं, आणि मला रडू आलं असतं, पण वणाला तेही जमत नाही. तुमच्याही गुडघ्यावर, कोपरावर माझ्यासारखा एखादा असेल. तो भरला म्हणून निवांत झाला असं समजू नका, तो आत्ताही विणतोय. विणायचं आम्ही बघतो. लिंबाचं तेवढं तुम्ही बघा.