सासरी की सौंसरी

नलिनीताई कळंबे पांढुर्ण्याच्या पोस्टात एकतीस वर्षं होत्या, आणि त्यातली निम्मी तरी टपाल लावण्यात गेली. डॉक्टरची चिठ्ठी असो की जेमतेम दुसरी शिकलेल्या माणसाचं पोस्टकार्ड, ताईंना पत्ता लागला नाही असं क्वचितच झालं. म्हणून निवृत्त झाल्यावर नागपूरच्या एका संस्थेला जुनी अक्षरं वाचणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नाव दिलं. पैसे मिळणार नव्हते, त्याचं त्यांना काही नव्हतं.

काम असं होतं. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे मुलं कधी आली आणि कधी सोडून गेली याच्या नोंदवह्या, स्कॅन केलेली होती. ती आधी एआय वाचायचं. कॉम्प्युटरवर डाव्या बाजूला पानाचा फोटो आणि उजव्या बाजूला एआयनं वाचलेला मजकूर दिसायचा. जिथं त्याला शंका असेल तो शब्द पिवळा, बाकी सगळं पांढरं. स्वयंसेवकानं तपासायचं, दुरुस्त करायचं आणि पान पुढे पाठवायचं. नागपूरला बसून हे सगळं सांभाळणारी हिमानी नावाची मुलगी होती. ती 'एआय' म्हणायची, ताई 'मशीन' म्हणायच्या.

ताईंच्या वाट्याला पांढुर्ण्यातल्याच एका जुन्या कन्याशाळेचं रजिस्टर आलं, १९२७ ते १९३९ चं. मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण. कुठे 'घरकाम', कुठे 'मयत', कुठे 'गाव सोडले'. आणि पुन्हा पुन्हा येणारं एक कारण होतं, 'सौंसरी गेली'. अठ्ठावन्न मुलींच्या नावापुढे.

ताईंना ते फार आवडलं. सौंसर म्हणजे शेजारचंच गाव, काही लांब नाही, पण त्या काळी पांढुर्ण्याच्या बापांनी लेकींना पुढे शिकायला तिकडे पाठवलं, ही काही लहान गोष्ट नव्हती. सौंसरच्या मुलींच्या शाळेत उत्तम धोटे नावाचे शिक्षक शाळेच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवत होते. ताईंनी त्यांना फोन करून सांगितलं. सर तर हरखूनच गेले. त्यांनी त्यावर एक मोठा फलक करायला टाकला आणि वर्तमानपत्राच्या बातमीदारालाही कळवलं. 'नव्वद वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या लेकी शिकायला सौंसरला', असा मथळा आणि खाली कॉम्प्युटरसमोर बसलेल्या नलिनीताईंचा फोटो. गल्लीतल्या बायका घरी येऊन पेपर दाखवून गेल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं, १९३६ सालच्या एका पानावर, मशीननं एक शब्द पिवळा केला. 'सौसरास गेली'. ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. मशीन बरोबर होतं, रजिस्टर लिहिणाऱ्या गुरुजींनी अनुस्वाराशिवाय स्वच्छ 'सौसरास' लिहिलं होतं. त्या पुढे जाणार होत्या, पण हात थांबला. दोनच ओळी वर, त्याच गुरुजींच्या अक्षरात, पांढऱ्यावर 'सौंसरी गेली' होतं. हा माणूस 'नागपुरास' लिहितो, 'सौसरास' लिहितो. मग वरच्या मुलीला 'सौंसरी' काहून धाडतो?

त्यांनी वरची ओळ मोठी केली. शाई फिकी झालेली, शिरोरेषा तुटलेली. बराच वेळ पाहूनही त्यांना 'सौंसरी'ही दिसेना आणि दुसरंही काही दिसेना.

त्यांचे यजमान दत्तात्रयराव बाहेर हंड्यात पाणी भरत होते. ताईंनी हाक मारली, "अहो, इकडे या बरं. हे काय लिहिलं आहे वाचा."

ओले हात पंच्याला पुसत ते आले. चष्मासुद्धा लावला नाही.

"सासरी गेली," ते म्हणाले. "त्यात काय वाचाचं आहे?" आणि पाणी वाहून राहिलं म्हणत परत गेले.

उजव्या बाजूला मशीननं जे छापलं होतं तेच ताई इतके दिवस डाव्या बाजूला पाहत होत्या. आता मागची पानं काढली. मुलगी वय दहा, सोडल्याचा महिना मे. वय अकरा, एप्रिल. वय नऊ. बहुतेक सगळ्या लग्नसराईच्या दिवसांत गेलेल्या. आणि यांना शिकायला पाठवल्याची बातमी आपण फोटोसकट छापून आणली होती.

त्यांनी हिमानीला फोन लावला. "बेटा, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे."

सगळं ऐकून हिमानी म्हणाली, "ताई, चूक आधी एआयची आहे. त्या रजिस्टरात गावाच्या रकान्यात सौंसर शेकडो वेळा आलंय. तसा दिसणारा शब्द आला की ते सौंसरच धरतं, आणि खात्री आहे म्हणून पिवळंही करत नाही."

"ते ठीक आहे. पण तपासायले मी बसली होती ना?"

हिमानीनं अठ्ठावन्न ठिकाणचे तेवढेच तुकडे कापून एकाखाली एक असे पाठवले. ताईंनी भिंग घेऊन पहिले पंधरा नीट लावले, आणि ते पाहून मशीननं बाकीचे पुन्हा वाचले. या वेळी मात्र ते जपून चाललं. जिथं कळेना तिथं पिवळं करून विचारत गेलं. त्यातले काही ताईंनी सोडवले, काही त्यांनाही सुटले नाहीत. शेवटी एकोणपन्नास 'सासरी', चार खरोखर सौंसरला गेलेल्या आणि पाच न लागणारे.

आता उत्तम सरांना सांगणं भाग होतं. फोनवर सांगायला ताईंना बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसनं सौंसरला गेल्या. रस्त्यात संत्र्यांचे ट्रक भरणं चालू होतं, त्यामुळे बस दोनदा थांबली.

सरांनी शाळेच्या व्हरांड्यात फलक उभा करून ठेवलेला होता. ताईंनी पिशवीतून तुकड्यांचे कागद काढून टेबलावर मांडले आणि जे झालं ते सरळ सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. "ताई, फलक छापून झाला. सोमवारी पाहुणे येऊन राहिले," ते म्हणाले. "आणि मशीननं अठ्ठावन्न ठिकाणी एकच शब्द वाचला. तुम्ही कशावरून म्हणता की तेच चुकलं?"

"तुमच्या शाळेचं त्या वर्षांचं रजिस्टर असंल ना? त्या मुली इथं आल्या असतील तर त्यात नावं असतील."

सरांनी शिपायाला सांगून कार्यालयातलं पत्र्याचं कपाट उघडवलं. हे रजिस्टर अजून कोणी स्कॅन केलेलं नव्हतं. कसर लागलेली पानं दोघांनी हलक्या हातानं उलटली. ताई एकेक नाव आणि जन्मतारीख वाचत, सर बोट फिरवत शोधत. जेवणाची सुट्टी झाली, मुलींचा गलका झाला आणि संपला. त्या चारही मुली सापडल्या. बाकी नावं निघेनात. तिसाव्या नावानंतर सरांनी वाद घालणं सोडलं होतं.

"वत्सला," ताईंनी पुढचं नाव वाचलं. "वय अकरा. मे पस्तीस. सासरी."

"वत्सला नाही," सर म्हणाले, आणि मग बोट मागे नेलं. "थांबा जी. जन्मतारीख काय म्हणाल्या?"

ताईंनी पुन्हा सांगितली. तीच तारीख जुलै १९३५ च्या पानावर होती. नाव सरस्वती, इयत्ता चौथी. आधीची शाळा, पांढुर्णा कन्याशाळा. पालकाच्या रकान्यात आधी बापाचं नाव लिहून खोडलेलं, आणि वर बारीक अक्षरात, 'सासरे केशवराव, तहसील कारकून. माहेरचे नाव वत्सला.'

"म्हणजे सासऱ्यानं आणून घातली शाळेत," सर म्हणाले. "लग्न करून आली अन् दोन महिन्यांत चौथीत बसली."

"हाव. सासरीही गेली आणि सौंसरलेही गेली."

पुढच्या पानावर ती चौथी पास झाल्याची नोंद होती. त्यापुढे रजिस्टरात काही नव्हतं. बाकीच्या एकाही नावाचा पत्ता त्या कपाटात लागला नाही.

सरांनी तो फलक लावला नाही. सोमवारी त्या जागी साध्या कागदावर ताईंच्या अक्षरातली यादी होती. अठ्ठावन्न मुलींची नावं, वयं आणि गुरुजींनी लिहिलेलं कारण, जसंच्या तसं. न लागलेल्या पाच जणींपुढे कारणाची जागा कोरी ठेवली होती. वत्सलेच्या दोन्ही नोंदींचे फोटो शेजारी शेजारी चिकटवले होते. पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला नाही. सातवी-आठवीतल्या मुली मात्र तिथून हलेनात. वयाच्या रकान्यावर बोट ठेवून एकमेकींना दाखवत राहिल्या.

बातमीदाराला ताईंनी स्वतः फोन केला. त्यानं चौथ्या पानावर चार ओळींचा खुलासा दिला, फोटोशिवाय. दत्तात्रयरावांनी तो कापून आधीच्या कात्रणाबरोबर ठेवला.

ताईंनी काम सोडलं नाही. आता त्या जुन्या कॅलेंडरचं एक जाड पान कॉम्प्युटरच्या उजव्या बाजूवर चिकटवून बसतात. आधी फोटो वाचायचा, वहीत लिहायचं, मग पान उचलून मशीननं काय वाचलं ते पाहायचं. दिवसाला चाळीस पानं व्हायची तिथं पंधरा होतात. हिमानीनं कारण विचारलं तेव्हा त्यांनी तिला ही युक्ती सांगितली. महिन्याभरानं तिनं मशीनचं वाचन झाकायचं एक बटणच कॉम्प्युटरवर करून दिलं, आणि बाकीच्या गावांतल्या स्वयंसेवकांनाही ते वापरायला सांगितलं.