जूनपासून वाढवलेले केस

"कात्री खाली ठेव, ऑर्फा! हंगाम तोंडावर आलाय," फुटबॉल संघाचा कप्तान रस्क दारातूनच ओरडला. "आमच्या घोड्याला भादरतेस होय?"

"घोडा माझा आहे," ऑर्फा म्हणाली. "तुमच्याकडे फक्त रविवारी येतो."

तिचा नवरा हायरम खुर्चीत हसला. तो बसला होता खरा, पण 'काप' म्हणाला नव्हता अजून. खांद्यावरच्या तान्हीनं त्याच्या केसांत दोन्ही मुठी खुपसल्या होत्या.

ओहायोतल्या त्या पोलादाच्या गावात चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकी फुटबॉल खेळणारे जूनपासून केस वाढवत. डोक्यावर दुसरं काही घालणं भित्रेपणाचं. मार झेलायला केसांचीच गादी. हायरमची सगळ्यांत दाट. आठवडाभर तो भट्टीत कोळसा लोटायचा आणि रविवारी संघाकडून पैसे घेऊन, चेंडू पोटाशी धरून धावायचा. धावताना आवाजच येत नाही, असं तो सांगे. लोक नुसते ओरडताना दिसतात, पाण्याखालून दिसावेत तसे, आणि पुढे गवत उघडत जातं.

गेल्या हंगामात एकदा तो डोक्याला मार खाऊन उठला आणि चेंडू घेऊन उलटा, आपल्याच टोकाकडे धावत सुटला. गाव अजून हसतं. ऑर्फा हसली नव्हती. आणि परवा, पाळण्याशी वाकून, त्यानं हलकेच विचारलं होतं, "हिचं नाव काय गं ठेवलं आपण?"

"एवढाच हंगाम, हायरम," रस्कचा आवाज उतरला. "तुझ्याशिवाय नदीपलीकडचे आम्हाला चिरडतील रे."

खिडकीतून कापलेल्या मक्याचा वास येत होता. हायरमनं खांद्यावरच्या तान्हीचं पाऊल धरलं.

"नेल," तो म्हणाला. जपून, घोकल्यासारखं. "हिचं नाव नेल."

मग त्यानं तिच्या मुठी एकेक करून सोडवल्या, तिला मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली.

"काप."

पहिली बट पडली तशी रस्कनं टोपी काढली. आणि तो निघून गेला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी हायरम नेलला खांद्यावर घेऊन मैदानाभोवतीच्या दोराशी उभा राहिला. चेंडू उडाला. हायरमची टाच धावायला निघाल्यासारखी मातीत रुतली, एवढंच.

"सरक की बाबा," मागून कुणीतरी ढोसलं. "आमच्या हायरमच्या जागी कोण आलंय, बघू दे."

हायरम सरकला. खांद्यावर नेल डगमगली. सवयीनं तिनं केस चाचपले, हाताला काही लागेना. मग बापाचे खेळात चेंगरलेले दोन्ही कान तिनं घट्ट धरले.