पाच सडांची म्हैस

"कोंबडा!" अख्खा वॉर्ड ओरडला.

नजीरा मावशींनी रबरी हातमोजा फुगवून त्याच्या तोंडाला गाठ मारली होती आणि पाची बोटं वर करून तो पोरांपुढं नाचवला होता. फुगवलेला हातमोजा म्हणजे तुरेवाला कोंबडा, हे या वॉर्डात सलाईन लावून पडलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. आता पेनानं डोळे काढायचे, औषधाच्या खोक्याची चोच चिकटवायची, की झालं.

"कोंबडा न्हाय त्यो," खिडकीजवळच्या खाटेवरून बारीक आवाज आला. "म्हशीची कास हाय. उलटी धरलीया तुमी."

मावशींनी हातमोजा उलटा केला. बोटं खाली लोंबायला लागली. खरंच की! कसबा बावड्यातल्या गवळ्याच्या घरात आपला जन्म झाला, लहानपण सगळं शेणामुतात गेलं, आणि एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्याला दिसू नये, याचं त्यांना हसूच आलं.

"पर सडं पाच कशी?" खिडकीजवळच्या त्याच पोरानं, राजवीरनं, हरकत घेतली. "म्हशीला चारच असत्यात."

"चुकलं बाबा माझं," मावशी म्हणाल्या.

कागदोपत्री नजीरा मावशी या सरकारी दवाखान्यातल्या कंत्राटी सफाई कामगार. फरशी पुसायची, लघवीची भांडी द्यायची, चादरी गोळा करायच्या. जनावरं करायचं काम त्यांना कुणीच दिलेलं नव्हतं. पण सुई बघून भोकाड पसरणाऱ्या एका पोरापुढं त्यांनी कधीतरी सलाईनच्या नळीचा मासा धरला आणि तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच. कागदी कपाचा हत्ती, कापसाचं मेंढरू, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं चकचकीत पाठीचं कासव. पैसा लागत नाही, थोडी अक्कल लागते, आणि तेवढा वेळ पोराचा हात गप्प राहतो. बरं होऊन घरी निघालेलं पोर आपलं जनावर बगलेत मारून जातं. काही जनावरं मागंच राहतात. त्यांचं काय करायचं, हे मावशींना अजून कळलेलं नाही.

राजवीर गडमुडशिंगीचा. वय पाच, आणि रक्ताचा आजार. दिवाळी पंधरवड्यावर आली असताना डॉक्टरांनी त्याच्या आईला, शिवानीला, बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता फक्त त्रास कमी करायचा. ती नळावर तोंड धुऊन आत आली आणि पोराचं डोकं पुसत बसली. त्या डोक्यावर केस उरलेले नव्हते, तरी ती पुसत राहिली.

त्याच नळावर राजवीरच्या आजोबांनी, आबांनी, मावशींना गाठलं होतं.

"आमची म्हस, भिंगरी, इकली, बाई," ते म्हणाले. "औषधाला लागलं. पर पोराला कळू द्यू नगा. घरी जाऊन भिंगरीची धार काढायची, एवढ्यावर तर त्यो सगळं सोसतोय."

झालं. त्या दिवसापासून सगळा वॉर्ड खोटं बोलायला लागला. राजवीरनं विचारायचं, भिंगरी काय करती? शिवानीनं सांगायचं, वैरण खाती. आबांनी सांगायचं, तुझी वाट बघती. आणि मावशींनी मान डोलवायची. आबा तर रोज नव्या बातम्या आणायचे. आज म्हणे तिनं दावंच तोडलं, आज म्हणे शेजाऱ्याच्या उसात शिरली. विकलेल्या म्हशीनं गावात इतका धुमाकूळ घातला नसेल कधी!

पण एकदा, शिवानी चहा आणायला गेलेली असताना, राजवीरनं मावशींना हातानं जवळ बोलावलं.

"मावशी, भिंगरी इकली नव्हं?"

"कोण म्हणतंय?"

"कोन न्हाय. आबा रोज दिवं लागायच्या वक्ताला हितं येत्यात. ती तर धारंची येळ." त्याला दम लागला, तो जरा थांबला. "आबा धार चुकवत न्हाईत. आजी मेली त्या दिवशी मढं दारात हुतं आन् आबा गोठ्यात. कास भरली की म्हशीला दुखतं म्हनून. मग आता धार कोन काढतंय?"

मावशींचा हात फडक्यावरच थांबला. आबांनी सगळ्या बातम्या जुळवून आणल्या होत्या, चुकली होती ती फक्त यायची वेळ. आणि ती चूक धरायला गवळ्याचंच पोर हवं होतं.

"तुला खोटं वाटतंय का सगळं?" मावशींनी कसंबसं विचारलं.

"आबास्नी सांगू नगा मला ठावं हाय म्हनून. त्ये रडत्यात."

पोरांना 'दुखणार न्हाय, दुखणार न्हाय' असं दिवसातून दहादा खोटं सांगणारी ही बाई, पण त्या वेळी तिनं खोटं पुढं रेटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "आपण भिंगरी हितंच करूया की. कोंबड्याचा हातमोजा हाय नव्हं अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काम सुरू झालं. सलाईनचा मोठा खोका हे धड. त्यावर टाकाऊ एक्स-रेच्या काळ्या फिल्म चिकटवल्या. नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारख्या त्या चमकायला लागल्या. पट्ट्यांच्या रिळांचे पाय, विणलेल्या बँडेजची शेपटी, नळीत तार घालून वळवलेली शिंगं. राजवीर उशीवरूनच हुकूम सोडत होता.

"डावं शिंग खाली घ्या. आजून खाली. आन् कपाळावर चांद हाय तिला."

चांद चिकटपट्टीचा झाला. हातमोजा पाण्यानं भरला, अंगठा दोऱ्यानं आवळून आत दडपला आणि सड चार झाले. तेजस्वी सिस्टर लांबून सगळं बघत होती. नियमाला मोठी कडक पोरगी, आता ओरडणार असंच मावशींना वाटलं. ती आली, एक बारीक सुई काढली आणि चारी बोटांच्या टोकांना टोचून दिली. जाता जाता पर्समधली लाल नेलपॉलिश मावशींच्या हातावर ठेवली.

"पाडवा आलाय की जवळ," ती म्हणाली. "म्हशीची शिंगं रंगवायला नकोत?"

शिंगं लाल झाली. मावशींनी हौसेनं सड धरायला हात पुढं केला, तसा राजवीर खेकसला.

"थांबा की! आधी पान्हवू द्या, दूध उतरू द्या कासंत."

त्यानं बोट पाण्यात बुडवलं आणि कासेवरून हळूहळू फिरवत राहिला. तोंडानं जिभेचा टकटक आवाज काढला. बऱ्याच वेळानं त्यानं मूठ आवळली आणि बारीक धार स्टीलच्या वाटीत वाजली. शेजारच्या खाटांवरची पोरं उठून बसली. त्या वॉर्डात असला आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

संध्याकाळी आबा आले आणि दारातच उभे राहिले.

"आबा," राजवीर म्हणाला, "भिंगरी हितंच आणलीया. आता धारंला घरला जायाला नगं तुमास्नी. बसा हितंच निवांत."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग बाहेर जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तसाच वाहू दिला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, राजवीर गेला. शिवानीनं त्याची टोपी पदरात बांधून घेतली. म्हैस खाटेखाली तशीच राहिली, कास भरलेली. सकाळपासून धार काढायची ताकद त्याच्यात नव्हती.

"मावशी, ती कचऱ्याच्या लाल पिशवीत टाका," तेजस्वी सिस्टर मान वर न करता म्हणाली. "वापरलेला हातमोजा आहे. नियम आहे तसा."

मावशी म्हैस घेऊन गेल्या, पण लाल पिशवीपाशी थांबल्या नाहीत. झाडू ठेवायच्या खोलीत, बादल्यांमागं, त्यांनी ती ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बावड्यात म्हशी नटूनथटून निघाल्या, घुंगरं वाजली, हलग्या कडाडल्या. मावशींची माणसं दरवर्षीसारखी बोलवायला आली होती. त्या गेल्या नाहीत.

दिवाळी सरली. एका संध्याकाळी, वॉर्डातले दिवे नुकते लागत असताना, आबा दारात दिसले.

"काय कागदं ऱ्हायली का, आबा?" मावशींनी विचारलं.

"न्हाय, न्हाय." ते चोरी पकडल्यासारखे झाले. "ह्या वक्ताला हातास्नी काय कामच न्हाय बघा. पाय आपसूक हिकडंच आलं. जातो की माघारी."

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी आबांना झाडूच्या खोलीत नेलं. पालथ्या बादलीवर म्हैस उभी केली. कास सगळी गळून सुकली होती. ती नळाखाली धरून पुन्हा भरली, गाठ मारली, जागेवर बसवली. खाली वाटी ठेवली. आबा बघतच राहिले. मग ते उकिडवे बसले, बोट ओलं केलं आणि त्या रबरी कासेवरून फिरवायला लागले. तोंडानं तसाच टकटक आवाज काढत होते.

बाहेर कुणीतरी मावशींना हाक मारली. चादरी बदलायच्या राहिल्या होत्या.

"काढा की आबा धार," मावशी हळूच म्हणाल्या.

"थांबा, बाई," आबा म्हणाले. "आजून पान्हवली न्हाय."

आणि खोक्याच्या काळ्या कुशीला कपाळ टेकून ते वाट बघत बसले.