पोहे खाताना पगरा

छप्पन साली मध्यभारत मध्य प्रदेशात विरघळला. कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि त्यांच्यामागोमाग उज्जैनमधली मराठी उपवर मुलंही निघाली. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, मीराला, पाहायला जयंत आमच्या फ्रीगंजच्या घरी आला, तेव्हा मी देव पाण्यात घालून बसले होते. मीराने त्याला वाचनालयात आधीच पाहून, पसंतही करून टाकलं होतं. आमच्या वडिलांना, भय्यासाहेबांना, याचा पत्ता नव्हता.

जयंत मुंबईहून अरामी, हिब्रू अशा जुन्या भाषा शिकून आलेला. बाबांना आपल्या सूर्यनमस्कारांचा भारी अभिमान. छाती थोपटत त्यांनी विचारलं, "मग सांगा जयंतराव, तुमच्या त्या अरामी भाषेत शरीराला काय म्हणतात?"

झालं, गडी सुटला! "एक शब्द गुश्मा. हिंदीत जिस्म म्हणतात ना, तो अरबीतला त्याचाच भाऊबंद. दुसरा पगरा. तो फार जुना. बाबिलोनचे लोक पगरू म्हणत, देहालाही आणि प्रेतालाही. हिब्रूत तर त्या मुळाचा शब्द प्रेतालाच उरला."

पोह्यांचा घास बाबांच्या तोंडाशीच थांबला. मुलगी पाहायला येऊन प्रेत, तेही दोनदा! त्यांनी ताटली खाली ठेवली.

"बस, हो गया. शुभकार्यात मुडदे काढणाऱ्याला मी पोरगी देणार नाही."

जयंत पांढराफटक पडला. मला तर त्याचा कान पिळावासा वाटला. अरे शहाण्या, गुश्म्यावर थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

मीरा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"बाबा, आज पहाटे कुठे गेला होतात?"

"महाकालच्या भस्मारतीला. रोजच जातो, तुला मालूम नाही?"

"आणि पूर्वी ते भस्म कशाचं असायचं म्हणून सांगता?"

चितेच्या ताज्या राखेची ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगणारे बाबाच.

"ते कपाळाला लावून आलात, म्हणून तर आजचा दिवस शुभ म्हणालात ना?"

बाबांची बोटं कपाळाकडे गेली. भस्म तिथेच होतं. मला हसू फुटलं, ते मी पदराने दाबलं. बाबांनी हळूच ताटली पुन्हा उचलली.

"अच्छा जयंतराव, शरीर तर झालं. आत्म्याला काय म्हणतात?"

जयंतने उत्साहाने तोंड उघडलं. मीराने चटकन त्याच्या हातात कप दिला.

"ते लग्नानंतर सांगतील," ती म्हणाली.